वायफायवर वरचे पोट्टे, खाली बाबांचं नेट बँकिंग. धोका आहे का?

कूलरसमोरची

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, पण वाचा नं.

आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो, वरच्या मजल्यावर तीन इंजिनीअरिंगची पोरं भाड्याने आहेत. पोरं चांगली आहेत. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा त्यांनी वायफाय मागितलं अन् आमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देऊन टाकलं. दारात येऊन कोणी पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण, तसंच. पासवर्ड काय, तर बाबांचा स्वतःचा मोबाइल नंबर. कनेक्शन बसवायला आलेल्या पोराने विचारलं काय टाकू, अन् बाबांनी तोंडपाठ असलेली एकच गोष्ट सांगितली.

बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर, अन् आमच्या घरात सगळ्यात जास्त नेट बँकिंग तेच करतात. पेन्शन जमा झाली का, एफडी, लाइट बिल, घरटॅक्स, सगळं लॅपटॉपवर, बाजूला वही अन् वहीत प्रत्येक व्यवहाराचा नंबर निळ्या पेनाने. ओटीपी आला की मोठ्याने वाचतात, खात्यात असताना फाइलचे नंबर वाचायची सवय आहे म्हणे.

तर रविवारी नेट फारच स्लो होतं म्हणून माझ्या मुलाने कनेक्शनच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं, तर १७ डिव्हाइस जोडलेले! घरात माणसं पाच. त्यात एक नाव 'ईएसपी' अन् पुढे काहीतरी आकडे-अक्षरं. बाबांनी ते वाचलं अन् जाहीर केलं की कोणीतरी आत शिरलाय, उद्यापासून बँकेचं काम बँकेत जाऊनच. मे महिना आहे हो, ४५ चा पारा, अन् हे दुपारी बारा वाजता स्कूटर काढणार डोक्याला दुपट्टा बांधून.

माझा प्रश्न साधा आहे, वरच्या पोरांना किंवा त्या ईएसपीला बाबांचा बँकेचा पासवर्ड दिसू शकतो का? अन् काय बदलायचं ते कोणी नीट सांगेल का, मला राऊटरमधलं काही म्हणजे काही कळत नाही.

बर्डीचा_बाबू

ताई पहिले तं टेन्शन घेऊ नका, अन् काकांना म्हणा दुपारची स्कूटर काढू नका. माझं बर्डीवर मोबाइल-नेटवर्कचं दुकान आहे, रोज दोन-तीन जण हेच घेऊन येतात. दहापैकी सात घरी पासवर्ड मोबाइल नंबरच असते, बाकी तीन घरी पोरीचं नाव अन् पुढे १२३. अन् राऊटरच्या आत जायचा जो पासवर्ड असते, जो खाली स्टिकरवर लिहिला असते, तो तं कोणीच बदलत नाही. बसवणारा पोट्टा एका दिवसात आठ घरं करते, त्याले काय पडलं आहे. एका गल्लीत तं मी पाहिलं, सगळ्या घरी एकच पासवर्ड, नाव तेवढं वेगळं!

पहिले मोबाइल नंबर काढून टाका. बाकी नंतर सांगतो, गिऱ्हाईक आलं.

मिहानचा_पोट्टा

बाबूभाऊ बरोबर बोलले, मी त्याचा हिशोब सांगतो कारण लोकांना वाटतं दहा आकडी आहे म्हणजे लय मोठा पासवर्ड.

आपल्याकडचा मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, पुढे नऊ आकडे. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर. वायफायला कोणी जोडतो तेव्हा फोन अन् राऊटरमध्ये जी ओळखपाळख होते ती बाहेर रस्त्यावर बसून हवेतून टिपता येते, अन् मग घरी जाऊन निवांत एकेक नंबर लावून बघता येतो, तुमच्या राऊटरला पत्ताही लागत नाही. कॉम्प्युटरमधलं चांगलं गेमिंग कार्ड सेकंदाला ५ लाख नंबर सहज तपासतं. ४०० कोटी भागिले ५ लाख, ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. तेही शेवटचा नंबर निघाला तर. अन् तुमचा नंबर तर अर्ध्या गल्लीला माहीत आहे, त्यांना कार्डही लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. वरच्या पोरांना बँकेचा पासवर्ड दिसतो का? नाही दिसत.

असं समजा की बाबा बँकेला जे पाठवतात ते पाकिटात पाकीट घालून जातं. बाहेरचं पाकीट वायफायचं, ते तुमच्या लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतच असतं. आतलं पाकीट ब्राउझर अन् बँक यांच्यातलं, पत्त्यात सुरुवातीला एचटीटीपीएस असतं ते, अन् ते थेट बँकेच्या सर्व्हरवर जाऊनच उघडतं. मध्ये राऊटर, कनेक्शनची कंपनी, कोणीच ते उघडू शकत नाही. वरच्या पोरांकडे वायफायचा पासवर्ड आहे, त्यामुळे डब्ल्यूपीए२, म्हणजे वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत, असेल तर खटपट करून बाहेरचं पाकीट ते फोडू शकतात, हे खरं आहे. पण आत बंद पाकीटच दिसणार. फार तर कोणत्या बँकेच्या साइटवर किती वाजता गेले एवढं कळेल.

शंकासुर

हे सगळं पुस्तकी झालं. मी साधे उपाय सांगतो. १) वायफायचं नाव लपवून टाका म्हणजे कोणाला दिसणारच नाही. २) मॅक फिल्टर लावा, म्हणजे ठरवून दिलेल्या नंबरचे फोन-लॅपटॉपच जोडले जातील. ३) व्हीपीएन घ्या, म्हणजे सगळं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाईल, फुकटचे पण मिळतात. ४) पत्त्याच्या बाजूला कुलूप दिसलं की साइट सेफ. संपला विषय.

मिहानचा_पोट्टा

शंकासुर भाऊ राग मानू नका पण चारही गोष्टींत गडबड आहे.

नाव लपवलं तरी तुमचा स्वतःचा फोनच बाहेर गेला की त्या नावाने हाका मारत फिरतो, अन् शोधणाऱ्याला ते दिसतंच. मॅक फिल्टरचा नंबर हवेत उघडा असतो, नक्कल करायला एक मिनिट. शिवाय आजकालचे फोन प्रत्येक वायफायला वेगळाच मॅक नंबर दाखवतात, अँड्रॉइडमध्ये १० पासून अन् आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, त्यामुळे फिल्टर लावून तुम्हीच तुमच्या बायकोचा फोन बाहेर ठेवाल अन् संध्याकाळी जेवायला मिळणार नाही.

फुकटचा व्हीपीएन म्हणजे ज्या कंपनीचा पत्ता तुम्हाला माहीत नाही तिच्या हातून सगळी टपाल पाठवणं. घरच्या वायफायवर बँकेसाठी त्याची गरज नाही. उलट परदेशातला पत्ता दिसला म्हणून बँकेने लॉगिन अडवलं तर काका बसतील डोक्याला हात लावून.

अन् कुलूप. कुलुपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कोणी वाचत नाही. पलीकडे बँक आहे की चोर ते कुलूप सांगत नाही, कुलूप दिसायला लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकटात मिळतं. लोक त्या कुलुपालाच भुलतात हे पाहून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

शंकासुर

बरं बावा, आम्ही काय इंजिनीअर नाही. मग बँकच आहे हे ओळखायचं कसं ते तरी सांगा.

निवांत_नाना

ते मी सांगतो. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून २०१६ साली निवृत्त झालो.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली साइट 'डॉट बँक डॉट इन' या शेपटावर न्यायला सांगितले, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते, हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ती देते. म्हणजे पूर्वी बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून कोणीही डॉट कॉम घ्यायचा, ते येथे जमत नाही. पत्ता डावीकडून वाचू नये, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी काय आहे ते पाहावे. 'अमुक बँक डॉट इन डॉट केवायसी अपडेट डॉट कॉम' असे असेल तर मालक 'केवायसी अपडेट डॉट कॉम'वाला, बँक नव्हे.

आणि पासबुकावरचा किंवा कार्डामागचा पत्ता एकदा स्वतः टाइप करून बुकमार्क करून ठेवावा. गुगलमध्ये बँकेचे नाव टाकून पहिले जे येईल ते दाबणे, ही सवय मोडा. पहिले येते ती कित्येकदा जाहिरात असते.

बर्डीचा_बाबू

आलो परत. आता राऊटरचं ऐका ताई, कागद-पेन घ्या. काकांची वही घ्या, ती बरी.

राऊटर उलटा करा, खाली स्टिकर आहे, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असं काही लिहिलं असन. ते घरच्या वायफायवर असतानी ब्राउझरमध्ये टाका. युजर-पासवर्ड विचारन, स्टिकरवरचाच असते, बरेचदा दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन'. आत गेल्या गेल्या पहिले हाच पासवर्ड बदला, वायफायचा नाही, हा आतला. हे लोकं करतच नाही अन् खरी गोम तिथंच आहे.

काऊन ते सांगतो. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक आला, म्हणे बँकेची साइट उघडली की लाल स्क्रीन येऊन राहिली, कनेक्शन खाजगी नाही म्हणून. लॅपटॉप फॉरमॅट केला त्यानं दोनदा! तरी तेच. बायकोच्या फोनवर बी तेच. मी म्हटलं लॅपटॉपचं नाही हे, राऊटर आणा. पाहिलं तं डीएनएसच्या खान्यात भलताच नंबर. म्हणजे तुमी बँकेचं नाव टाकता तवा 'ही बँक कोणत्या पत्त्यावर राहते' हे राऊटर ज्याले विचारते, तो विचारायचा माणूसच कोणीतरी बदलून टाकला होता. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन होतं नं, घरात कोणाच्या तरी फोनमध्ये फालतू अ‍ॅप घुसलं असन, त्यानं आतून बदललं. रिसेट मारला, पासवर्ड बदलला, झालं.

अन् तो माणूस वाचला कशानं, तं त्या लाल स्क्रीननं. दोनदा लॅपटॉप फॉरमॅट केला पण 'तरीही पुढे जा' दाबलं नाही बिचाऱ्यानं.

मिहानचा_पोट्टा

बाबूभाऊ एक नंबर. ती लाल स्क्रीन म्हणजे आतलं पाकीट स्वतःच ओरडतंय की पलीकडचा माणूस बँक असल्याचा कागद दाखवू शकत नाही. ती आली की बँकेचं काम बंद, फोनचा डेटा लावून बघायचं. डेटावर बरोबर उघडलं तर राऊटर बिघडलाय.

ताई, आत गेल्यावर अजून तीन जागा बघा. सुरक्षा प्रकार डब्ल्यूईपी असेल तर आजच्या आज बदला, ते २००१ मध्येच फुटलंय अन् आता मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीए२ चालेल, डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर उत्तम, त्यात मी वर सांगितलेलं ते घरी बसून नंबर लावून बघणं चालत नाही. दुसरं, डब्ल्यूपीएस बंद. ते बटण दाबून जोडायचं असतं ते. त्याचा पिन ८ आकडी, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, अन् राऊटर पहिले चार अन् नंतरचे तीन असे वेगवेगळे तपासतो. म्हणजे १०,००० अधिक १,०००, फक्त ११,००० प्रयत्नांत दार उघडं. हे २०११ मध्येच उघडकीला आलं तरी कितीतरी घरी ते चालूच आहे. तिसरं, रिमोट मॅनेजमेंट बंद, बाहेरून राऊटरमध्ये कोणी यायचं कारण नाही.

अन् वरच्या पोरांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राऊटरवर वेगळं वायफाय, करा. त्यांना नेट मिळतं पण तुमच्या घरातले डिव्हाइस अन् राऊटरचं पान दिसत नाही. पासवर्ड चार असंबद्ध शब्दांचा ठेवा, रोमन अक्षरांत. आमच्या घरचा पूर्वी भाजीवर होता, आता सांगत नाही.

इतवारीची_ताई

हे सगळं वाचून राहिले अन् मनात येतंय की आमच्याकडे हे सगळं होतं. माझा भाऊ याच लाइनमधला, त्याने राऊटर इतका घट्ट करून ठेवला होता की पाहुण्याला वायफाय द्यायचं तर त्याला पुण्याला फोन लावावा लागायचा. अन् तरी आईचे ४८,००० गेले.

लग्नसराई होती. आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली, नात्यातल्याच एकाच्या नंबरवरून, त्याचा फोन आधीच हॅक झालेला हे नंतर कळलं. फाइलच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, पीडीएफ नव्हतं. आईला काय माहीत एपीके काय असतं, तिने दाबलं. फोनने विचारलं हे अ‍ॅप टाकू का, हो. मेसेज वाचू देऊ का, हो. पत्रिका काही उघडली नाही. आई म्हणाली नेट स्लो आहे, उद्या बघते, कोणाचं लग्न आहे ते कळलं तर आहेर काढून ठेवते.

रात्री दोन ते अडीचमध्ये चार वेळा पैसे गेले. ओटीपी येत होते अन् ते अ‍ॅप वाचून पुढे पाठवत होतं, आई झोपलेली. सकाळी सहाला मेसेज पाहिले तेव्हा तिला वाटलं बँकेची जाहिरात आहे. मला सांगितलं साडेदहाला, तेही भाजी चिरता चिरता.

वायफायचा काही संबंधच नव्हता. ते पाकिटात पाकीट वगैरे सगळं अगदी व्यवस्थित सुरू होतं.

निवांत_नाना

ताई, वाईट वाटले. पुढे काय झाले ते विचारले तर चालेल का? कारण अशा वेळी पहिल्या तासात काय केले यावर बरेच अवलंबून असते.

इतवारीची_ताई

हो नाना. मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी कोणत्या खात्यातून, किती वाजता, व्यवहाराचा नंबर काय हे विचारलं. आईची वही नव्हती हो तुमच्या त्या बाबांसारखी, मेसेजमधून शोधत बसले. मग बँकेला फोन, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, त्याचा नंबर घेऊन बँकेत अर्ज. चारपैकी शेवटची रक्कम, १२,०००, पुढच्या खात्यात अडकवता आली, ती परत मिळाली. बाकीची आमची तक्रार येण्याआधीच तीन खात्यांतून निघून गेली होती.

एक चूक मी केली ती सांगते. धावपळीत आईचाच फोन हातात घेऊन त्याच्यावरूनच बँकेचा पासवर्ड बदलला. ते अ‍ॅप तर तिथेच बसलेलं होतं. भाऊ फोनवर ओरडला तेव्हा कळलं. आधी तो फोन विमान मोडवर टाकायचा अन् दुसऱ्याच्या फोनवरून सगळं करायचं.

निवांत_नाना

बरोबर. आता नियमाचे थोडे सांगतो, कारण बँकेत गेल्यावर लोकांना "तुमचीच चूक" एवढेच ऐकवून परत पाठवतात आणि लोक येतात परत.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक होते; २०२५ च्या नोव्हेंबरात ते नव्या एकत्रित निर्देशांत घेतले गेले, म्हणून अर्जापूर्वी आजचा नियम पाहून घ्यावा. परिपत्रकात असे होते: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कोणामुळे पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमचे नुकसान शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. बँकेचीच चूक असेल तर कळवले काय, न कळवले काय, नुकसान बँकेचे.

पण तुम्ही स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून चूक झाली तरी लाजून बसू नये, प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली होती, हे वाक्य अर्जात लिहावे. मी खुर्चीच्या त्या बाजूला ३४ वर्षे बसलो आहे, परिपत्रकाची तारीख लिहिलेला अर्ज वेगळ्या ट्रेमध्ये जातो.

शंकासुर

नाना हे कामाचं बोललात. वर कुलूपवालं मी चुकलो, मान्य.

मला पण परवा फोन आला होता, बँकेतून बोलतोय, तुमच्या वायफायवरून संशयास्पद लॉगिन झालंय, स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका आम्ही चेक करून देतो. मी त्याला म्हटलं माझ्याकडे वायफायच नाही, तर म्हणे तुमच्या मोबाइलच्या वायफायवरून. मी म्हटलं या नं घरी, चहा घेऊ. ठेवला त्यानं.

बर्डीचा_बाबू

😂 हे बेस्ट. नवीन आहे एक अजून, कुरिअर आलं आहे म्हणून सांगते अन् *४०१* लावून पुढे एक नंबर डायल करा म्हणते. करू नका बे. तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे जातात, अन् कॉलवर येणारा ओटीपी बी. केलाच असन कोणी तं ##००२# लावा, वळवलेलं सगळं बंद होते.

मिहानचा_पोट्टा

अन् नाना, ते १६०० वालं पण सांगा. बँकेने व्यवहाराबद्दल फोन करायचा तो १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीत सांगितलंय. जाहिरातीचे १४० वरून. साध्या दहा आकडी मोबाइलवरून "बँकेतून बोलतोय" आलं की तिथेच ठेवायचं.

कूलरवाल्या ताई कुठे गायब झाल्या? राऊटर उलटा करून बसल्या का?

कूलरसमोरची

आले आले. दोन दिवस काय झालं ते सांगते, हसू नका.

शनिवारी सकाळी मी, बाबा अन् माझा मुलगा राऊटर खाली काढून बसलो. स्टिकरवर धूळ, बाबांनी धोतराच्या कापडाने पुसलं. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, बाबूभाऊ! बाबा म्हणाले हे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवणं. आतला पासवर्ड बदलला, बाबांच्या वहीत लिहिला, मग मुलाने सांगितलं आजोबा वहीत पण नका, तर बाबा म्हणाले ही वही नेणारा चोर आधी माझं अक्षर वाचून दाखवू दे. डब्ल्यूपीएस चालू होतं, बंद केलं. डीएनएस ठीक होतं. डब्ल्यूपीए३ निवडलं, नवीन चार शब्दी पासवर्ड, सगळं झालं तर साडेअकरा. तर्री पोहे मागवले.

मग १७ डिव्हाइसची हजेरी घेतली. घरातले पाच फोन, बाबांचा लॅपटॉप, मुलाचा टॅब, टीव्ही, झाले आठ. देवघरातला जुना फोन, सासूबाईंच्या भजनांचा, नऊ. वरच्या पोरांचे तीन फोन, तीन लॅपटॉप, पंधरा. सोळावा शेजारच्या काकूंचा फोन, गणपतीत त्यांना आरतीचा व्हिडिओ पाठवायचा होता तेव्हा मीच जोडून दिला होता अन् विसरले.

अन् सतरावा तो ईएसपी.

दुपारी तीन वाजता कूलर बंद. म्हणजे पंखा चालू, पंप बंद, वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठण्ण, घरात भट्टी. बाबा फोनवर बोट मारतायत, काही होत नाही. मागच्या वर्षी बाबांनी स्वतःच्या हौशीने कूलरच्या पंपाला तो वायफायवाला प्लग बसवला होता, पलंगावरूनच चालू-बंद करायला. ईएसपी म्हणजे तो! मुलाने शोधलं तर त्या प्लगमध्ये जी चिप असते तिच्या कंपनीचं नाव एस्प्रेसिफ, त्यावरून. आम्ही पासवर्ड बदलून आमच्याच कूलरला घराबाहेर काढलं होतं. अन् नवीन पासवर्ड टाकला तरी तो जोडेना.

मिहानचा_पोट्टा

😂😂 ताई तो डब्ल्यूपीए३ समजत नसणार. असले स्वस्तातले प्लग, बल्ब बहुतेक २.४ गीगाहर्ट्झ अन् डब्ल्यूपीए२ वरच चालतात. गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए२ वर ठेवा अन् प्लग, टीव्ही तिकडे टाका. तसंही त्यांची जागा तिकडेच. या वस्तूंना कंपनी बरेचदा अपडेट देत नाही, त्यामुळे बाबांच्या लॅपटॉपच्या शेजारी त्यांना बसवूच नये. अन् हो, राऊटरचं स्वतःचं अपडेट पण बघून घ्या त्याच पानावर.

कूलरसमोरची

तेच केलं, मुलाला सुचलं नंतर. प्लग, टीव्ही अन् वरची पोरं गेस्टवर. शेजारच्या काकूंना पण तिकडेच, त्यांना सांगितलं नाही. बाबांचा लॅपटॉप अन् आमचे फोन आतल्यावर. बँकेचा पत्ता नानांनी सांगितला तसा पासबुक बघून टाइप करून बुकमार्क केला, बाबांनी त्याची शेपटी तीनदा वाचून खात्री केली. इतवारीच्या ताईंची गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांनी त्यांच्या ग्रुपवर आलेल्या दोन पत्रिका लगेच मला दाखवल्या, एक खरंच एपीके होती, उडवली.

संध्याकाळी वर गेले, पोरांना नवीन पासवर्ड द्यायला. थोडं अवघडल्यासारखं झालं, त्यांना वाटायला नको की आपल्यावर संशय घेतला. त्यातल्या मोठ्याला सगळं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. म्हणे काकू, वायफायचं सोडा, आजोबांचा ओटीपी तर आम्हाला गॅलरीत स्पष्ट ऐकू येतो. काल सकाळच्याचे शेवटचे दोन आकडे ४७ होते नं?

मी खाली येऊन वही पाहिली. बाबा ओटीपीसुद्धा लिहून ठेवतात. ४७ च होते.

बाबांना सांगितलं. काही बोलले नाहीत. आज सकाळी पेन्शनचं काम करत होते, मी मुद्दाम स्वयंपाकघरातून पाहत होते, मेसेज आला, चष्मा नाकावर सरकवला, वर छताकडे एकदा बघितलं अन् मनातल्या मनात वाचला. ओठ मात्र हलत होते.